ई-सिगारेटमधील बॅटरी : आयुर्मान, बदलण्याची सोय आणि विल्हेवाट – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना शोध, शोधक आणि एकस्व यांना सामान्यतः अग्रस्थान दिले जाते. एखादी वस्तू वापरातून बाद कशी होते, तिचा कोणता भाग आधी निकामी होतो आणि तो भाग बदलण्याची मुभा वापरणाऱ्याला असते की नाही, हे प्रश्न मात्र इतिहासलेखनाच्या परिघावरच राहतात. वास्तविक वस्तूचे आयुष्य हा केवळ भौतिकशास्त्राचा वा रसायनशास्त्राचा विषय नाही. तो उत्पादकाचे हित, ग्राहकाची सवय आणि शासनाचा कायदा यांच्या परस्परसंबंधांतून घडणारा ऐतिहासिक विषय आहे.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात हातातल्या विजेरीलाच 'बॅटरी' म्हणण्याची पद्धत आहे आणि तिच्या आत जे घालतात त्याला 'सेल' म्हणतात. सेल 'उतरले' की नवे घालायचे, बॅटरी मात्र तीच, असा हा साधा व्यवहार होता. पत्र्याच्या किंवा पितळेच्या एका नळीने सेलच्या कित्येक जोड्या पाहिलेल्या असत. वस्तूचे शरीर दीर्घायुषी आणि तिला ऊर्जा देणारा घट अल्पायुषी, हे नाते त्या व्यवहारात गृहीत धरलेले होते. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत ई-सिगारेट या उपकरणाच्या बाबतीत हे नाते कसे पूर्णपणे उलटले, याचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात करण्यात आला आहे. निकोटिनच्या आरोग्यविषयक परिणामांची चर्चा हा स्वतंत्र विषय असल्याने ती येथे केलेली नाही.

अभ्यासाची उद्दिष्टे :
१) ई-सिगारेटच्या विकासातील टप्पे बॅटरीच्या दृष्टीने निश्चित करणे.
२) बॅटरीचे रासायनिक आयुर्मान आणि तिचा प्रत्यक्ष वापर यांतील अंतर स्पष्ट करणे.
३) बॅटरी बदलण्याची सोय नाहीशी होण्यामागील कारणांचा आणि परिणामांचा विचार करणे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
इ. स. १८०० मध्ये इटालियन शास्त्रज्ञ व्होल्टा याने विद्युतघटांची पहिली चळत जगापुढे मांडली. पुढे १८५९ मध्ये फ्रान्समधील प्लान्ते याने पुन्हा चार्ज करता येणारा शिसे-आम्ल घट तयार केला, तर १८६६ मध्ये लेक्लान्शे याने जस्त आणि मँगनीज डायऑक्साइड यांवर आधारित घट विकसित केला. याच घटाचे कोरडे रूप १८८६ मध्ये जर्मनीतील गास्नर याने सिद्ध केले आणि त्यातून विजेरीतील सेलची परंपरा निर्माण झाली. स्वीडनच्या युंगनर याचा निकेल-कॅडमियम घट १८९९ चा आहे. अशा रीतीने एकोणिसावे शतक संपण्यापूर्वीच विद्युतघटांचे दोन वर्ग स्थिर झाले होते : एकदा वापरून टाकून देण्याचा प्राथमिक घट आणि पुन्हा पुन्हा चार्ज करण्याचा दुय्यम घट. प्रस्तुत विवेचनात हा भेद महत्त्वाचा आहे, कारण ई-सिगारेटच्या इतिहासाच्या अखेरच्या टप्प्यात दुय्यम घटाला प्राथमिक घटासारखे वागवले गेले.

विजेवर चालणाऱ्या सिगारेटची कल्पना लिथियम बॅटरीपेक्षा जुनी आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील हर्बर्ट गिल्बर्ट याने १९६३ मध्ये तंबाखूविरहित, धूरविरहित सिगारेटच्या एकस्वासाठी अर्ज केला आणि १९६५ मध्ये त्याला ते मिळाले. बॅटरीच्या साहाय्याने हवा गरम करून ती ओलसर, सुगंधित द्रव्यातून नेण्याची ती योजना होती. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध सांगणारा अमेरिकेच्या सर्जन जनरलचा अहवाल १९६४ मध्ये प्रसिद्ध झाला होता. तरीही गिल्बर्टचे उपकरण बाजारात आले नाही. त्या काळी सिगारेटला असलेली सामाजिक मान्यता हे त्याचे एक कारण मानता येते. तितकीच महत्त्वाची बाब अशी की, लहानशा नळीत मावून तापकतारेला पुरेशी शक्ती देणारा हलका घट तेव्हा अस्तित्वातच नव्हता.

ही उणीव लिथियम-आयन घटाने दूर केली. १९७० च्या दशकात व्हिटिंगहॅम यांनी लिथियमवर आधारित घटाची पायाभरणी केली. १९८० मध्ये ऑक्सफर्ड येथे गुडइनफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी कोबाल्ट ऑक्साइडचा धनाग्र सुचविला आणि १९८५ मध्ये जपानच्या योशिनो यांनी ऋणाग्रासाठी कार्बनी पदार्थ वापरून व्यवहार्य घट साकारला. १९९१ मध्ये सोनी कंपनीने तो बाजारात आणला. या तिन्ही शास्त्रज्ञांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. या घटाची सारी महती तो पुन्हा पुन्हा चार्ज करता येतो यात आहे, ही गोष्ट येथे लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

पहिला टप्पा : सिगारेटच्या आकाराचे उपकरण
चीनमधील औषधशास्त्रज्ञ होन लिक यांनी २००३ मध्ये आधुनिक ई-सिगारेटच्या एकस्वासाठी अर्ज केला आणि २००४ मध्ये हे उपकरण चीनच्या बाजारात आले. भ्रमणध्वनीच्या प्रसारामुळे लहान लिथियम घट तोपर्यंत स्वस्त व मुबलक झाले होते, आणि दक्षिण चीनमधील शेन्झेन हे शहर अशा इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या उत्पादनाचे केंद्र बनले होते. ई-सिगारेटचा उद्योग पुढे याच शहरात एकवटला.

या टप्प्यातील उपकरण दिसायला हुबेहूब सिगारेटसारखे होते. त्यामुळे बॅटरीही सिगारेटच्याच जाडीची असावी लागे आणि तिची क्षमता साधारणतः १०० ते ३०० मिलीअँपिअर-तास इतकीच असे. काही तासांत ती उतरत असल्याने वापरणारे दोन बॅटऱ्या बाळगत : एक वापरात आणि एक चार्जिंगला. बॅटरी हा उपकरणाचा आट्यांनी जोडलेला स्वतंत्र अर्धा भाग होता. ती जुनी झाली की तेवढाच भाग नवा घेता येई. पुढे '५१०' या नावाने ओळखली जाणारी आट्यांची जोडणी अनेक उत्पादकांनी स्वीकारली आणि एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या तापकाला जोडता येऊ लागली. कोणत्याही शासनाने न लादलेले हे प्रमाणीकरण बॅटरी बदलण्याच्या सोयीच्या दृष्टीने मोलाचे ठरले.

दुसरा टप्पा : बदलता येणारा घट आणि त्याची जोखीम
२००८ नंतर पाश्चात्त्य देशांतील हौशी मंडळींनी विजेरीच्या नळ्या वापरून मोठ्या क्षमतेची उपकरणे घरीच बनविण्यास आरंभ केला. विजेरी आणि ई-सिगारेट यांचे हे नाते केवळ उपमेचे नसून प्रत्यक्ष वंशावळीचे आहे. या उपकरणांत '१८६५०' हा घट रूढ झाला. त्याच्या नावातच त्याचे माप आहे : व्यास १८ मिलिमीटर आणि लांबी ६५ मिलिमीटर. लॅपटॉप संगणकातही याच मापाचे घट वापरले जात. घट उतरला की झाकण उघडून दुसरा घालायचा, बाहेरच्या चार्जरवर पहिला चार्ज करायचा आणि वर्ष-दीड वर्षाने क्षमता घटली की नवा घ्यायचा, अशी ही व्यवस्था होती. उपकरणाचे शरीर टिकाऊ आणि घट बदलता, हे विजेरीचे जुने नाते या टप्प्यात पुन्हा प्रस्थापित झाले.

परंतु या स्वातंत्र्याला जोखमीची दुसरी बाजू होती. काही उपकरणांत कोणताही नियंत्रक परिपथ नसे, घट थेट तापकतारेला जोडलेला असे. पूर्ण चार्ज झालेल्या घटाचे विभवांतर ४.२ व्होल्ट असते. तारेचा रोध ०.५ ओहम असेल तर ओहमच्या नियमानुसार ८.४ अँपिअर धारा वाहते, रोध ०.२ ओहमवर आणला तर तीच धारा २१ अँपिअर होते. बहुसंख्य घटांची सुरक्षित मर्यादा याहून कमी असते. शिवाय १८६५० घटाचे संपूर्ण धातूचे कवच ऋण अग्राशी जोडलेले असते, केवळ वरची टोपी धन असते. दोहोंना वेगळे ठेवणारे प्लास्टिकचे पातळ वेष्टन फाटले, किंवा सुटा घट खिशात नाण्यांच्या वा किल्ल्यांच्या संपर्कात आला, तर लघुपरिपथन होऊन घट पेट घेऊ शकतो.

अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात २००९ ते २०१६ या काळातील आग व स्फोटाच्या १९५ घटनांची नोंद आहे. त्यांपैकी ६१ घटनांत उपकरण किंवा सुटा घट खिशात होता, ६० घटना वापर चालू असताना घडल्या आणि ४८ चार्जिंगच्या वेळी घडल्या. या घटनांत १३३ व्यक्तींना इजा झाली. लिथियम-आयन घट दोषयुक्त असल्याचा निष्कर्ष यातून काढणे योग्य नाही. अन्य उपकरणांत हाच घट परिपथ आणि कवच यांच्या संरक्षणात असतो. येथे तो अप्रशिक्षित ग्राहकाच्या हाती सुटा पोहोचला होता. बदलण्याची सोय दिली गेली, परंतु ती सोय सुरक्षितपणे वापरण्याचे शिक्षण आणि घटाचे प्रमाणीकरण त्या गतीने झाले नाही.

तिसरा टप्पा : बंदिस्त बॅटरी
२०१५ मध्ये अमेरिकेत 'जूल' हे उपकरण बाजारात आले. पेन-ड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या या चपट्या उपकरणात सुमारे २०० मिलीअँपिअर-तास क्षमतेची बॅटरी कायमची बंद केलेली होती. ती चार्ज करता येई, पण बदलता येत नसे. बदलण्याचा भाग एकच : द्रव्याची कुपी. ती अर्थातच त्याच कंपनीची घ्यावी लागे. याच काळात भ्रमणध्वनीच्या क्षेत्रातही मागचे झाकण उघडून बॅटरी काढण्याची सोय झपाट्याने मागे पडत होती. सडपातळ आकार, धुळीपाण्यापासून बचाव आणि सुरक्षितता ही कारणे त्यासाठी दिली जात. ती निराधार नव्हती. तथापि बंदिस्त बॅटरीमुळे उपकरणाचे आयुष्य बॅटरीच्या आयुष्याशी कायमचे बांधले गेले, हेही तितकेच खरे आहे.

चौथा टप्पा : एकदाच वापरण्याचे उपकरण
यानंतरचा टप्पा घडविण्यात कायद्यांचा अनपेक्षित वाटा आहे. युरोपीय संघाच्या २०१४ च्या तंबाखू उत्पादन निर्देशाने, जो मे २०१६ पासून लागू झाला, निकोटिनयुक्त द्रव्याच्या टाकीवर २ मिलिलिटरची मर्यादा घातली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी २०२० मध्ये कुपीवर आधारित सुगंधी उत्पादनांविरुद्ध कारवाईचे धोरण जाहीर केले, परंतु एकदाच वापरण्याची उपकरणे त्या धोरणाच्या प्राधान्यक्रमातून सुटली. परिणामी बाजार त्या दिशेने वळला. ब्रिटन व युरोपमध्ये २ मिलिलिटर द्रव्य आणि सुमारे ६०० झुरके असे समीकरण असलेली रंगीबेरंगी उपकरणे लोकप्रिय झाली. त्यांपैकी एका अत्यंत खपाच्या उपकरणातील बॅटरी ५५० मिलीअँपिअर-तास क्षमतेची होती. म्हणजे चार्ज करून वापरावयाच्या जूलमधील बॅटरीहून ती अडीच पटींपेक्षा अधिक मोठी होती.

यामागचे गणित सरळ आहे. पुन्हा चार्ज करण्याची सोय द्यायची नसेल, तर सर्व द्रव्याची वाफ एकाच चार्जमध्ये होईल इतकी ऊर्जा बॅटरीत आधीच भरून द्यावी लागते. म्हणून उपकरण जितके अल्पायुषी, तितकी बॅटरी मोठी, असा विपरीत संबंध निर्माण झाला. टाकीच्या आकारमानावर अशी मर्यादा नसलेल्या अमेरिकेत द्रव्याचे प्रमाण वाढत गेले, एका चार्जची ऊर्जा अपुरी पडू लागली आणि 'एकदाच वापरण्याच्या' उपकरणालाच चार्जिंगची खाच आली. द्रव्य संपेपर्यंत चार्ज करायचे आणि नंतर चालू स्थितीतील बॅटरीसह सर्व फेकून द्यायचे, ही त्या व्यवस्थेची परिणती होय.

आयुर्मान आणि प्रत्यक्ष वापर :
लिथियम-आयन घट दोन प्रकारे झिजतो. प्रत्येक चार्ज-चक्रागणिक ऋणाग्रावरील थर जाड होत जातो आणि त्यात उपयुक्त लिथियम अडकून पडते. दुसरे म्हणजे घट न वापरताही काळाच्या ओघात, विशेषतः उष्णतेत आणि पूर्ण चार्ज अवस्थेत ठेवल्यास, त्याची क्षमता कमी होते. मूळ क्षमतेच्या ८० टक्के क्षमता उरली की घटाचे उपयुक्त आयुष्य संपले असे मानण्याचा संकेत असून, सामान्य घटासाठी ही मर्यादा ३०० ते ५०० चक्रांच्या आसपास येते.

एकदाच वापरण्याच्या उपकरणात निकृष्ट, अल्पायुषी घट वापरला जात असावा, असा कोणाचाही समज होईल. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ येथील संशोधकांनी २०२३ मध्ये 'जूल' याच नावाच्या, परंतु उपकरणाशी संबंध नसलेल्या, शोधपत्रिकेत प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने तो समज खोटा ठरविला. अशा उपकरणांतून काढलेले घट त्यांनी पुन्हा पुन्हा चार्ज केले. ४५० हून अधिक चक्रांनंतरही ७० टक्क्यांहून अधिक क्षमता शिल्लक असल्याचे त्यांना आढळले. साडेचारशे वेळा वापरता येणारी वस्तू एकदा वापरून टाकणे म्हणजे तिच्या आयुष्याचा सुमारे ०.२ टक्के भाग उपयोगात आणणे होय.

या संदर्भात 'फीबस' या संघाशी तुलना उद्बोधक ठरते. विजेच्या दिव्यांच्या प्रमुख उत्पादकांनी १९२४ मध्ये एकत्र येऊन दिव्याचे आयुष्य १००० तासांवर आणण्याचे ठरविले होते. तेथे वस्तूचे आयुष्य कारखान्यातच कमी करण्यात आले. ई-सिगारेटच्या बाबतीत घटाचे आयुष्य शाबूत आहे, फक्त तेथपर्यंत पोहोचण्याचा मार्ग बंद करण्यात आला आहे. नियोजित कालबाह्यतेचे हे निराळे रूप होय.

परिणाम व शासकीय उपाययोजना :
ब्रिटनमधील 'मटेरियल फोकस' या संस्थेच्या पाहणीनुसार त्या देशात २०२२ मध्ये दर आठवड्याला १३ लाख एकदाच वापरण्याची उपकरणे टाकून दिली जात होती. २०२३ मध्ये हा आकडा सुमारे ५० लाखांवर गेला. त्यातून वर्षभरात वाया जाणारे लिथियम सुमारे ५,००० विद्युत मोटारींच्या बॅटऱ्यांना पुरेल, असा त्या संस्थेचा अंदाज होता. ही उपकरणे घरगुती कचऱ्यातून कचरागाडीत जातात, तेथे दाबली जातात, घट चिरडला जातो आणि आग लागते. मे २०२४ पर्यंतच्या एका वर्षात ब्रिटनमधील कचरागाड्या व कचरा केंद्रांत विविध वस्तूंतील बॅटऱ्यांमुळे १,२०० हून अधिक आगी लागल्याची नोंद आहे.

येथे इतिहासाच्या दृष्टीने एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. सुट्या घटामुळे ग्राहकाच्या खिशात आग लागत होती, बंदिस्त घटामुळे ती कचरागाडीत लागू लागली. धोका नाहीसा झाला नाही, त्याचे ठिकाण बदलले. उपकरणाचा उपभोग घेणाऱ्याकडून तो ज्याने ते उपकरण कधी हातातही धरले नाही अशा सफाई कामगाराकडे हस्तांतरित झाला.

शासकीय प्रतिसाद दोन दिशांनी झाला. पहिली दिशा बंदीची. बेल्जियमने १ जानेवारी २०२५ पासून, फ्रान्सने फेब्रुवारी २०२५ च्या कायद्याने आणि ब्रिटनने १ जून २०२५ पासून एकदाच वापरण्याच्या उपकरणांच्या विक्रीवर बंदी घातली. ब्रिटनच्या नियमानुसार उपकरण पुन्हा चार्ज करता आले पाहिजे, त्यात द्रव्य पुन्हा भरता आले पाहिजे आणि तापकतार बदलता आली पाहिजे. या अटींमध्ये बॅटरी बदलता येण्याची स्वतंत्र सक्ती नाही. दुसरी दिशा दुरुस्तीच्या हक्काची. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमनाने १८ फेब्रुवारी २०२७ पासून लहान उपकरणांतील बॅटरी वापरणाऱ्याला सहज काढता व बदलता आली पाहिजे असे, काही अपवाद वगळता, बंधन घातले आहे. विजेरीच्या काळात जी गोष्ट सांगावीही लागत नव्हती, ती आता कायद्याने सांगावी लागत आहे.

भारताने वेगळा मार्ग पत्करला. १८ सप्टेंबर २०१९ च्या अध्यादेशाने व त्याच वर्षाच्या अधिनियमाने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात यांवर संपूर्ण बंदी घालण्यात आली. त्यामुळे ब्रिटनइतक्या प्रमाणातील कचऱ्याचा प्रश्न येथे उद्भवला नाही, हे मान्य करावे लागेल. मात्र चोरट्या मार्गाने येणाऱ्या उपकरणांतही तोच घट असतो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी सर्व प्रकारच्या बॅटऱ्यांची जबाबदारी उत्पादक व आयातदारांवर टाकली आहे. परंतु जी वस्तूच बेकायदेशीर आहे तिचा नोंदणीकृत उत्पादक असू शकत नाही आणि ती जवळ बाळगणारा ती उघडपणे संकलन केंद्रावर आणून देण्याची शक्यताही कमी असते. असा घट ओल्या-सुक्या कचऱ्यातून अखेर कचरावेचकाच्या हाती पडण्याचा संभव राहतो.

निष्कर्ष :
१) ई-सिगारेटमधील बॅटरी चारही टप्प्यांत मूलतः एकाच रासायनिक कुळातील राहिली. तिचे प्रत्यक्ष आयुष्य मात्र उपकरणाच्या रचनेनुसार शेकडो चक्रांपासून एका चक्रापर्यंत घसरले. म्हणजे आयुर्मानाचा प्रश्न रसायनापेक्षा रचनेचा अधिक होता.
२) बॅटरी बदलण्याची सोय आणि सुरक्षितता यांत विरोध आहे असे मानले गेले. घटाचे प्रमाणीकरण, संरक्षक परिपथ आणि ग्राहकशिक्षण यांच्या साहाय्याने दोहोंचा मेळ घालणे शक्य होते. तो मार्ग दुर्लक्षित राहिला.
३) उपकरणाच्या एका भागापुरते केलेले नियमन बाजाराला दुसऱ्या भागाकडे ढकलते. टाकीचा आकार आणि कुपीतील सुगंध यांवर लक्ष केंद्रित करताना बॅटरीचा विचार झाला नाही.
४) भारतात बंदीच्या अंमलबजावणीबरोबरच जप्त व टाकून दिलेल्या उपकरणांतील घटांच्या सुरक्षित संकलनाची तरतूद होणे आवश्यक आहे.

समारोप :
गिल्बर्टच्या काळात कल्पना होती, पण तिला पेलणारा घट नव्हता. साठ वर्षांनंतर घट इतका समर्थ व स्वस्त झाला की तो फेकून देणे परवडू लागले. 'सेल उतरला' या जुन्या शब्दप्रयोगात घटाची शक्ती संपल्याची नोंद होती. आज कचऱ्यात जाणारा घट बहुधा उतरलेला नसतो, त्याच्या सोबतचे द्रव्य तेवढे संपलेले असते. वस्तू संपली असे केव्हा म्हणावे, हे ठरविण्याचा अधिकार तिच्या घटाकडून आणि वापरणाऱ्याकडूनही काढून घेतला गेला, हा या अल्पशा इतिहासाचा मुख्य बोध म्हणता येईल.